कंसातील नावे : 'पीसीओएसकेबी' या जनुककोशाच्या अद्ययावतीकरणाची चिकित्सा

पारनेरच्या तहसील कचेरीत सातबाऱ्याचा उतारा काढावयास आलेल्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. उताऱ्यावरील नाव कमी होते तेव्हा ते खोडून नाहीसे केले जात नाही. त्याला कंस केला जातो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की नाव कोणत्या कारणाने गेले, वारसाने की खरेदीखताने, हितसंबंधितांना नोटीस गेली होती काय, हरकत आली होती काय आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद कोणत्या तारखेस प्रमाणित केली, हे सर्व वाचता येते. इंग्रजी महसुली भाषेत फेरफाराला जो शब्द आहे तोच जीवशास्त्रात जनुकातील उत्परिवर्तनाला आहे : 'म्युटेशन'. हा केवळ शब्दांचा योगायोग होय. परंतु जनुकांची नोंद ठेवणाऱ्या आधुनिक माहितीकोशांची परीक्षा करताना ही कचेरीतील शिस्त मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते.

प्रस्तुत निबंधात अशा एका कोशाचा विचार करावयाचा आहे. मुंबईच्या परळ भागातील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत सुसान इडिक्युला-थॉमस यांच्या गटाने 'पीसीओएसकेबी' हा कोश सिद्ध केला. त्याचे वर्णन 'न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च' या नियतकालिकाच्या २०१६ च्या डेटाबेस विशेषांकात आले. २०२० मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा निबंध प्रसिद्ध झाला. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, या स्त्रियांमधील विकाराशी संबंधित जनुके, एकल-न्यूक्लिओटाइड भेद, सहव्याधी आणि जैवरासायनिक मार्ग यांची माहिती त्यात एकत्र केलेली आहे. कोश विनामूल्य आहे. तालुक्याच्या ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रकल्प देणाऱ्या प्राध्यापकाच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

कोशाची गरज

पीसीओएस हा एका कारणाचा एक आजार नव्हे. स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये काही स्त्रियांच्या बीजांडकोशांचे जे वर्णन केले त्यापासून त्याची आधुनिक वैद्यकातील चर्चा सुरू होते. मासिक पाळीची अनियमितता, पुरुष-संप्रेरकांचे आधिक्य, बीजांडकोशातील लहान लहान पुटिका, त्यांच्या जोडीला इन्सुलिनला न जुमानणारी शरीरप्रकृती, वाढते वजन आणि पुढे मधुमेह, असा हा समूह आहे. कोशकर्त्यांनी आपल्या पहिल्या निबंधात प्रजननक्षम वयातील सुमारे ७ ते १० टक्के स्त्रियांना हा विकार असल्याचे नमूद केले आहे. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या लोकसमूहांत त्यावर शेकडो शोधनिबंध निघाले. परंतु ते कोणी एका जागी आणून परस्परांशी जोडले नव्हते. हे काम हाती घेणे हे मोठ्या कष्टाचे होते, आणि ते मुंबईत झाले याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

ही संस्था या कामाला नवखी नव्हती. याच गटाने प्रतिजैविक पेप्टाइडांचा 'कॅम्प' हा संग्रह २०१० मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे त्याच्या आवृत्त्या काढीत नेल्या. चौथ्या आवृत्तीत त्यात २४,२४३ क्रम आहेत, त्यांपैकी ११,८२७ नैसर्गिक आणि १२,४१६ कृत्रिम. नैसर्गिक आणि कृत्रिम यांची अशी फोड करणे हीच एक संपादकीय सुधारणा होय. पुढे तिचा संबंध येईल. त्याआधीही महाराष्ट्रात ही परंपरा होती. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या माहिती-जाळ्यातून पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र केंद्र उभे राहिले, आणि तेथील उर्मिला कुलकर्णी-काळे व अशोक कोळस्कर यांच्या गटाचा विषाणू-जनुकसंचांचा 'व्हिरजेन' हा कोश २००४ मध्ये जगासमोर आला.

२४१ ते ५३३

पहिल्या आवृत्तीत २४१ जनुके होती. दुसरीत ५३३ आहेत; शिवाय १४५ एकल-न्यूक्लिओटाइड भेद, २९ सूक्ष्म-आरएनए, १,१५० मार्ग आणि १,२३७ व्याधी. अद्ययावतीकरणाची ही भाषा सर्वत्र हीच असते. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालाप्रमाणे ती वाढीची भाषा असते. टीकेचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

जनुक एखाद्या विकाराशी 'संबंधित' आहे असे म्हणताना जीवशास्त्रज्ञ किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी म्हणत असतो. पहिली : त्या जनुकातील विशिष्ट भेद रुग्णांत निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक वेळा आढळला. दुसरी : रुग्णाच्या एखाद्या ऊतकात त्या जनुकाची अभिव्यक्ती वाढलेली वा घटलेली दिसली. तिसरी : ते जनुक ज्या मार्गात काम करते तो मार्ग विकारात बिघडलेला आहे. यांपैकी पहिल्या प्रकारच्या पुराव्यात कारणाकडे बोट दाखविण्याची काही शक्यता असते, कारण जनुकातील भेद हा जन्मापासूनचा असतो. दुसऱ्या प्रकारात ती फारच कमी असते. इन्सुलिन वाढल्यामुळे एखादे जनुक अधिक बोलू लागले असेल, तर तो विकाराचा परिणाम होय, मूळ नव्हे. कोशाच्या पहिल्या निबंधाने बिघडलेल्या अभिव्यक्तीची जनुके आणि जनुकीय भेद या दोहोंचा उल्लेख केला आहे, आणि प्रत्येक नोंदीमागे संदर्भनिबंध दिले आहेत. हा प्रामाणिकपणा नोंदवलाच पाहिजे. परंतु एकूण बेरजेच्या वेळी हे सारे एकाच 'संबंधित' या विशेषणाखाली उभे राहतात. ५३३ हा आकडा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांतील कोण वारसहक्काने आला, कोण वहिवाटीने आणि कोण केवळ बांधाला बांध लागून आहे म्हणून, हे आकड्यावरून समजत नाही.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या १०,०७४ रुग्ण स्त्रिया आणि १,०३,१६४ निरोगी स्त्रिया यांच्या संपूर्ण जनुकसंचाची एकत्रित तपासणी 'प्लॉस जेनेटिक्स'मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात निर्णायक मानता येतील अशा जागा सापडल्या १४. त्याआधी २०११ मध्ये हान चिनी स्त्रियांवरील अशाच अभ्यासात तीन जागा हाती लागल्या होत्या. एलएचसीजीआर, थाडा आणि डीईएनएनडी१ए ही नावे तेथून परिचित झाली. एका बाजूस १४ आणि दुसऱ्या बाजूस ५३३. या दोहोंत विरोध आहे असे घाईने म्हणता येणार नाही; निकष निराळे आहेत आणि संपूर्ण जनुकसंचाच्या तपासणीची चाळणी फार कडक असते. तथापि दोन आकड्यांतील हे अंतर म्हणजेच कोशाचा खरा विषय आहे. ते अंतर वाचकाला दिसेल अशा रीतीने मांडणे हे संपादकाचे पहिले काम ठरते.

एका जनुकाची कथा

सीवायपी११ए१ हे जनुक उदाहरणादाखल घेता येईल. कोलेस्टेरॉलपासून सर्व स्टिरॉइड संप्रेरके बनविण्याची पहिली पायरी ज्या विकराने ओलांडली जाते त्याचे हे जनुक. पीसीओएसमध्ये पुरुष-संप्रेरके वाढतात, तेव्हा संशयाची सुई त्याच्याकडे वळणे स्वाभाविक होते. १९९७ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी त्याच्या आरंभीच्या भागातील पाच अक्षरांच्या पुनरावृत्तीचा विकाराशी आणि टेस्टोस्टेरॉनच्या पातळीशी संबंध दाखविला. निबंध गाजला. २००४ मध्ये बऱ्याच मोठ्या संख्येवर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा आधीच्या संबंधाचे बळ वाजवीपेक्षा अधिक मानले गेले होते असा निर्वाळा मिळाला. छोट्या नमुन्यात दिसलेली गोष्ट मोठ्या नमुन्यात विरून जाणे ही या क्षेत्रातील नित्याची घटना आहे.

गोष्ट येथे संपली असती तर सोपे होते. परंतु २००९ मध्ये परळच्या याच संस्थेतील संशोधकांनी भारतीय स्त्रियांचा अभ्यास करून सीवायपी११ए१ च्या त्याच भागातील भेदांचा पुरुष-संप्रेरकांच्या आधिक्याशी संबंध असल्याचे दाखविले. आता कोशकर्त्याने काय करावे? नोंद ठेवावी, तर २००४ चा निकाल दडपल्यासारखा होतो. काढावी, तर २००९ चा भारतीय पुरावा गमावतो, आणि तो ज्या लोकसमूहाविषयी आहे त्याच समूहातील रुग्ण हा कोश ज्या भूमीत तयार झाला तेथे राहतात. महसुली शिस्तीने पाहिले तर उत्तर अवघड नाही. नोंद राहील, तिच्यावर हरकत आली होती हे राहील, हरकतीवर काय झाले हेही राहील. तिन्ही तारखांसह. जनुकाचे नाव एका यादीत आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शक्यता ठेवणारी रचना अशा इतिहासाला पुरी पडत नाही.

याला पुण्यातलाच एक जुना आदर्श आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी विचारात घेतली गेली. वि. स. सुखटणकरांनी घालून दिलेली पद्धत अशी की, संहितेत स्वीकारलेला पाठ वर छापावा आणि नाकारलेले पाठ, कोणत्या हस्तलिखितात ते आहेत यासह, तळाशी द्यावेत. प्रक्षिप्त ठरलेले श्लोकसुद्धा फेकून दिले गेले नाहीत. ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नाही त्याला त्याच पानावरील सामग्रीतून वेगळा निर्णय करता यावा, हे त्यामागचे तत्त्व. जनुककोशाच्या संपादकाला संस्कृत येण्याची आवश्यकता नाही, परंतु तळटिपेचा हा धर्म त्याच्याही कामाचा आहे. दुसऱ्या आवृत्तीत जुन्या २४१ पैकी किती नोंदी नव्या पुराव्यापुढे डळमळीत झाल्या, हा प्रश्न वाचकाने विचारण्याजोगा आहे, आणि आकड्यातील वाढ हे त्याचे उत्तर नव्हे. 'कॅम्प'च्या चौथ्या आवृत्तीने नैसर्गिक आणि कृत्रिम असे दोन वर्ग वेगळे केले, तसे 'भेदाने सिद्ध', 'अभिव्यक्तीने सूचित', 'मार्गाने संलग्न' असे वर्ग पाडणे याच गटाला अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

व्याख्याच बदलते तेव्हा

आणखी एक अडचण अशी की, पीसीओएस कोणाला म्हणावयाचे हेच स्थिर नाही. १९९० मध्ये अमेरिकेत ठरलेल्या निकषांत पुरुष-संप्रेरकांचे आधिक्य आणि बीजोत्सर्गाचा अभाव दोन्ही लागत. २००३ च्या रॉटरडॅम बैठकीने तीन लक्षणांपैकी कोणतीही दोन पुरेत असे ठरविले. त्यामुळे रुग्णांचे वर्तुळ रुंदावले. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीला पर्याय म्हणून एएमएच या संप्रेरकाची रक्ततपासणीही चालू शकेल असे म्हटले. म्हणजे १९९७ च्या निबंधातील 'रुग्ण' आणि २०१८ च्या निबंधातील 'रुग्ण' या एकाच जातीच्या स्त्रिया असतीलच असे नाही. शेतजमिनीचे क्षेत्र एका उताऱ्यात एकर-गुंठ्यांत आणि दुसऱ्यात हेक्टर-आरमध्ये असावे आणि कोणी दोहोंची सरळ बेरीज करावी, तसा हा प्रकार होतो. प्रत्येक संदर्भाशेजारी तो कोणत्या निकषावर आणि कोणत्या लोकसमूहात झाला, एवढी दोन रकाने जरी भरली तरी कोशाचे मोल कितीतरी पटींनी वाढेल. पारनेर तालुक्यातून सोनोग्राफीसाठी नगरला जाणाऱ्या तरुणीच्या बाबतीत यांपैकी कोणती नोंद लागू पडते, हे तेव्हाच सांगता येईल. आजपर्यंतच्या मोठ्या अभ्यासांतील स्त्रिया प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या किंवा चिनी आहेत. तिच्यासारख्या स्त्रीचा आवाज त्यांत नाही.

दुसऱ्या आवृत्तीने वाचकाला गणनेची साधनेही दिली आहेत : सहव्याधींचा अंदाज, समृद्ध मार्गांची ओळख आणि जाळ्यातील 'केंद्रीय' जनुकांचा शोध. साधने उपयुक्त आहेत. परंतु ती यादीवर चालतात, आणि यादीतील दोष गणनेत अधिक भारदस्त रूप घेऊन बाहेर येतो. ज्या जनुकांवर जगात आधीच पुष्कळ संशोधन झाले आहे त्यांचे परस्परसंबंधही पुष्कळ नोंदले गेलेले असतात. म्हणून ती जाळ्याच्या मध्यभागी दिसतात. इन्सुलिनचे ग्राहक-जनुक केंद्रस्थानी आले तर त्यात विकाराचे रहस्य किती आणि संशोधकांच्या जुन्या आवडीनिवडीचे प्रतिबिंब किती, हे साधन सांगत नाही. विद्यार्थ्याच्या प्रकल्प-अहवालात मात्र ते चित्र रंगीत वर्तुळांसह येते आणि कोणी काही विचारीत नाही.

उसनवारीची साखळी

दुसऱ्या आवृत्तीची सामग्री शोधनिबंधांच्या चिकित्सक वाचनातून आणि केईजीजी, डिसजेनेट, ओमिम, रिॲक्टोम, स्ट्रिंग, डीबीएसएनपी या कोशांतील नोंदींतून घेतल्याचे कर्ते सांगतात. येथे पुराव्याची जात पुन्हा बदलते. डिसजेनेटमधील काही नोंदी संगणकाने निबंधांचे मजकूर चाळून काढलेल्या असतात. एका वाक्यात जनुक आणि आजार दोन्ही आले की यंत्र संबंधाची शक्यता मांडते. ही साक्ष ऐकीव होय. ऐकीव साक्ष टाकाऊ नसते, पण तिच्यावर तसा शिक्का असावा लागतो. कोशातून कोशात जाताना चुका कशा पसरतात याचा एक अभ्यास २००९ मध्ये 'प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी'त आला. निवडक विकर-कुळांच्या त्या तपासणीत हाताने संपादित स्विस-प्रॉटमधील चुकांचे प्रमाण जवळजवळ शून्य आढळले. आपोआप भरल्या जाणाऱ्या कोशांत मात्र ते काही कुळांत फार मोठे होते. हाताने केलेले संपादन सावकाश चालते, पण विश्वास तेथेच उपजतो, एवढे यातून दिसते.

नावांचाही एक गमतीदार उपद्रव आहे. मानवी जनुकांत 'सेप्ट१', 'मार्च१' अशी संक्षिप्त नावे होती. तक्ते लिहिणारे प्रचलित सॉफ्टवेअर त्यांना तारखा समजून १ सप्टेंबर, १ मार्च करून टाकीत असे. २०१६ मधील एका पाहणीत अशा तक्त्यांसह प्रसिद्ध झालेल्या जनुकविषयक निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात ही चूक सापडली. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने सॉफ्टवेअर बदलण्याची वाट न पाहता जनुकांचीच नावे बदलली. जुन्या नावाने केलेला शोध नव्या नावाच्या नोंदीपर्यंत पोहोचविणे हेही कोश चालविणाऱ्याचे रोजचे काम होऊन बसते, आणि त्याचे श्रेय कोणत्याही निबंधात मिळत नाही.

कोश कोण चालवितो

जनुककोश बांधणे हे संशोधन मानले जाते, चालविणे हे मानले जात नाही. नव्या कोशावर निबंध लिहिता येतो; तीनशे जुन्या नोंदी पुन्हा वाचून त्यांतील वीस कंसात टाकल्या, यावर लिहिता येत नाही. अनुदान प्रकल्पाच्या मुदतीपुरते असते, नोंदी वाचणारे संशोधन-साहाय्यक मुदत संपली की जातात, आणि निकष कोणते लावले याची आठवण त्यांच्यासोबत जाते. ही केवळ भारतीय दुर्दशा नव्हे. १९९६ मध्ये स्विस-प्रॉटसारखा मान्यवर कोश पैशांअभावी बंद पडण्याच्या बेतात आला होता. ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या 'टेअर' या कोशाचे अमेरिकी सरकारी अनुदान आटल्यावर तो वर्गणीवर गेला. १९९७ च्या एका यादीतील ३२६ जैविक कोशांचा अठरा वर्षांनंतर माग काढला असता त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक नाहीसे झालेले आढळले. या पार्श्वभूमीवर पहिल्या निबंधानंतर सुमारे पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती काढणारा परळचा गट निश्चितच वेगळा ठरतो. त्याच्यावरील टीका ही मृत कोशावर करता येत नाही म्हणूनच येथे करता आली.

२०२२ मध्ये फरीदाबाद येथे भारतीय जैविक विदा केंद्र सुरू झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती तेथून संशोधकांना खुली करण्यात आली. कच्च्या माहितीला घर मिळाले. तेथे जागा आहे ती मूळ क्रमांची. त्या क्रमांवर माणसाने वाचून केलेल्या टिपणांची, म्हणजे 'पीसीओएसकेबी'सारख्या कोशातील खऱ्या श्रमाची, जबाबदारी अद्याप ज्या-त्या गटाच्या खांद्यावरच आहे. गाव नमुना सात आणि बारा संगणकावर आले तेव्हा नमुना सहाही त्यांच्यासोबत आला, कारण फेरफाराशिवाय उतारा कोणी पुरावा म्हणून स्वीकारला नसता. जनुककोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत ५३३ चे आठशे झाले की नाही, यापेक्षा तिच्यात किती नावे कंसात आली आणि त्यांच्याशेजारी कोणते क्रमांक पडले, हे अभ्यासकांनी आधी पाहावे.